बोरिक आम्ल: बांबूच्या वाटेने ओळख

चंद्रपूर-गडचिरोलीत तोडलेला मानवेल बांबू घरात रचून ठेवला, की काही महिन्यांत त्याखाली पिवळसर भुकटी सांडू लागते. आतल्या पिष्टासाठी भुंगेरे बांबू पोखरतात. मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला २०११ साली स्वतःचा बांबू विकण्याचा हक्क मिळाला. अशा गावांसाठी बांबू टिकणे हा रोकड्या मिळकतीचा प्रश्न आहे. त्यावरचा स्वस्त उपाय म्हणजे बोरिक आम्ल आणि टाकणखार यांचे साधारण पाच टक्क्यांचे द्रावण. या पुस्तकाचा विषय त्यातले आम्ल.

बोरॉनच्या बाहेरच्या कक्षेत तीनच इलेक्ट्रॉन असतात. तीन हायड्रॉक्सिल गट जोडले तरी त्याच्याभोवती सहाच होतात. आठ काही भरत नाहीत. विद्यार्थ्याने एवढी एक उणीव नीट समजून घेतली, तर पुढचे बरेचसे पाठ करावे लागणार नाही. रेणू सपाट, त्रिकोणी होतो. हायड्रोजन बंधांनी शेजाऱ्यांशी जुळून थर बनतात, आणि थर एकमेकांवरून घसरतात. कॅरमवर पसरण्याची पारंपरिक पूड हीच. (शाळेतल्या कॅरमबोर्डाला रसायनाच्या तासात का आणत नाहीत, हे मला कोडेच आहे.) याचे आम्लपणही उसने: ते स्वतःचा प्रोटॉन देत नाही, पाण्यातला हायड्रॉक्साइड ओढून घेते आणि पाण्याचाच प्रोटॉन मोकळा होतो. म्हणून ते इतके सौम्य.

एकट्या बोरिक आम्लाचे २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात जेमतेम ४७ ग्रॅम विरघळतात. टाकणखार सोबत असला की बोरॉनचे मोठे, अधिक विद्राव्य आयन तयार होतात. दोघांना एकत्र घेण्याचे कारण हे. मात्र हीच विद्राव्यता पावसात नडते. बोरॉन बांबूच्या तंतूंना पक्का धरत नाही, धुपून जातो. छपराखालच्या कामालाच हे द्रावण शोभते. सुपे, टोपल्या अशा धान्याच्या वस्तूंना ते लावू नये; प्राण्यांवरच्या प्रयोगांत जास्त मात्रेने प्रजननक्षमतेला अपाय झालेला दिसला आहे.

द्रावण आत पोचले का, हे हळद सांगते. बांबूच्या ताज्या कापावर हळदीचा मद्यार्कातला अर्क लावावा, वाळल्यावर हायड्रोक्लोरिक व सॅलिसिलिक आम्लांचे मिश्रण. बोरॉन असेल तिथे लाल, नसेल तिथे पिवळे. हळदीतले कर्क्युमिन आपल्या ऑक्सिजनांनी बोरॉनची उणीव भरून काढते, त्याचा हा रंग. वाचकाने हवे तर पुस्तक या चाचणीपासूनच सुरू करावे. रेणूंच्या आकृत्या मागाहून पाहिल्या तरी चालतील.