खेळयंत्रांची टाळेबंदी



कामगार संघटनेच्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत उभे राहून मुलांच्या खेळण्यांवर बोलावे, हे आपणांपैकी काहींना चमत्कारिक वाटेल. बोनस, किमान वेतन, कंत्राटी पद्धत हे नेहमीचे विषय सोडून ह्या गृहस्थाला व्हिडिओ गेम कोठून सुचला, अशी शंका कोणाच्या मनात आली असेल तर ती रास्त आहे. परंतु यंत्र कोणाचे, ते चालविण्याची विद्या कोणाची, आणि मालकाने खटका बंद केल्यावर त्या यंत्राचे व त्या विद्येचे काय होते, हा प्रश्न माझ्या धंद्यातलाच आहे. जुन्या खेळयंत्रांचा नाद असलेल्या काही हौशी लोकांनी ह्या प्रश्नाचे एक उत्तर स्वतःच्या हातांनी तयार केले. त्याचा इतिहास आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

नव्वदीच्या दशकात आपल्याकडे अनेक घरांत टीव्हीला जोडावयाचा एक डबा आला. त्यात ‘कॅसेट’ खुपसली की खेळ सुरू होई. ते यंत्र स्वयंपूर्ण होते. विकणारा दुकानदार दुकान बंद करून गावी गेला, बनविणारी कंपनी बुडाली, तरी घरात वीज असेपर्यंत खेळ चालत असे. बिघडला तर लॅमिंग्टन रोडवर भाग मिळत. एकदा पैसे मोजले की वस्तू पुरती आपली झाली, हा व्यवहार सर्वांना कळत होता.

पुढे कंपन्यांनी ह्या यंत्राला बाहेरच्या जगाशी जोडण्याचे ठरविले आणि तेथे व्यवहार बदलला. यंत्राचा अर्धा भाग गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यात राहिला आणि अर्धा कंपनीच्या ताब्यातील सर्व्हरमध्ये गेला. सर्व्हर म्हणजे दूरच्या खोलीत अहोरात्र चालणारा, अनेकांच्या यंत्रांना एकमेकांशी गाठ घालून देणारा संगणक. हा दुसरा अर्धा भाग गिऱ्हाइकाला कधी दिसला नाही; त्याची आठवण झाली ती तो काढून घेतल्यावर.

जपानमध्ये निन्टेन्डो कंपनीने एप्रिल १९९५ मध्ये आपल्या सुपर फॅमिकॉम ह्या यंत्रासाठी ‘सॅटेलाव्ह्यू’ नावाचे जोडयंत्र काढले. उपग्रहावरून ठराविक वेळी खेळ प्रक्षेपित होत आणि घरातील यंत्र ते उतरवून घेई. आकाशवाणीवरच्या नभोनाट्यासारखे काही खेळांत त्याच वेळी माणसांचे बोलणेही ऐकू येई. वेळ चुकली की कार्यक्रम चुकला. ३० जून २००० रोजी हे प्रक्षेपण कायमचे थांबले. आता ते खेळ कोठे शोधावयाचे? हौशी लोकांनी जुन्या बाजारातून त्या यंत्राच्या वापरलेल्या स्मृतिपेट्या विकत घ्यावयास आरंभ केला. एका पेटीत जेमतेम एक मेगाबाइट मजकूर मावे. परंतु कोणा अनोळखी मुलाने शेवटी उतरवून घेतलेला आणि पुसावयाचा राहिलेला खेळ त्यात सापडे. बोलण्याचा भाग मात्र पेटीत साठत नव्हता. जेवढा वाचला, तेवढा कोणी घरच्या व्हिडिओ टेपवर टिपून ठेवला होता म्हणून वाचला.

ह्याहून बोधप्रद इतिहास सेगा कंपनीच्या ‘ड्रीमकास्ट’ ह्या यंत्राचा आहे. जपानमध्ये ते २७ नोव्हेंबर १९९८ रोजी व अमेरिकेत ९ सप्टेंबर १९९९ रोजी विक्रीस आले. टेलिफोनच्या तारेवरून बोलणारा मोडेम त्याच्यासोबतच मिळे. मोडेम म्हणजे संगणकाचे आकडे आवाजात आणि आवाज पुन्हा आकड्यांत बदलणारा दुभाष्या. १९९५ च्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा ज्यांनी ते घेतले त्यांना मोडेमची ती किरकिर आठवत असेल. अमेरिकेतील ड्रीमकास्टचा मोडेम सेकंदाला ५६ हजार बिट वेगाचा होता.

डिसेंबर २००० मध्ये जपानमध्ये ‘फँटसी स्टार ऑनलाइन’ हा खेळ निघाला. चार-चार जणांनी मिळून खेळण्याचा हा खेळ. त्यात तयार वाक्यांची एक यादी होती. जपानी मुलाने त्यातील वाक्य निवडले की अमेरिकन मुलाला ते इंग्रजीत, जर्मन मुलाला जर्मनमध्ये दिसे. भाषा न जाणणारी माणसे एकमेकांना मदतीस बोलावीत. संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाला ही गोष्ट लहान वाटत नाही.

ह्या खेळानंतर सहा आठवडे लोटतात न लोटतात तोच, ३१ जानेवारी २००१ रोजी, सेगाने ड्रीमकास्टचे उत्पादन थांबविण्याची घोषणा केली. सुमारे ९१ लाख यंत्रे विकली गेली होती. पुढच्या काही वर्षांत कंपनीचे सर्व्हर एकामागून एक बंद झाले. घराघरांतील यंत्रे धडधाकट होती, तबकड्या शाबूत होत्या. परंतु मोडेमने फोन लावला तर पलीकडे उचलणारे कोणी नव्हते. आमच्या भाषेत ह्याला टाळेबंदी म्हणतात. फरक इतकाच की येथे दाराबाहेर कामगार नसून पैसे भरलेला गिऱ्हाईक उभा होता.

येथून पुढे जे घडले ते कारागिरीच्या इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगे आहे. हौशी लोकांपुढे दोन कामे होती. पहिले काम सर्व्हरचे. घरचे यंत्र आणि कंपनीचा सर्व्हर आपसांत कोणत्या क्रमाने काय बोलतात, हे कंपनीने कोणाला सांगितले नव्हते. काहींनी सेवा चालू असतानाच तारेवरून जाणारे संदेश टिपून ठेवले होते. जेथे ते नव्हते तेथे खेळाच्या तबकडीवरील प्रोग्रॅम उकलून, यंत्राची काय उत्तर मिळण्याची अपेक्षा आहे हे ताडले गेले. नकाशा हरवलेल्या यंत्राचा एकेक नट खोलून नकाशा पुन्हा काढणारा फिटर आपण पाहिला असेल. काम त्याच जातीचे.

दुसरे काम टेलिफोनचे. तारेचा टेलिफोनच घरांतून नाहीसा होऊ लागला, तेव्हा मोडेमने फोन लावावा कोठे? २०१५ च्या सुमारास ‘ड्रीमपाय’ नावाचा एक प्रोग्रॅम तयार झाला. तो पत्त्याच्या पानाएवढ्या ‘रास्पबेरी पाय’ संगणकावर चालतो. त्या संगणकाला एक साधा मोडेम जोडतात आणि त्याची तार ड्रीमकास्टच्या मोडेमला लावतात. खरे एक्स्चेंज तारेवर सुमारे ४८ व्होल्टचा दाब ठेवीत असे. त्याच्या जागी बहुधा नऊ व्होल्टची बॅटरी आणि एक-दोन फुटकळ भाग पुरतात. रिसीव्हर उचलल्यावर ऐकू येणारा तो अखंड सूर हा छोटा संगणक स्वतः वाजवितो. ड्रीमकास्टला वाटते, एक्स्चेंज जिवंत आहे. ते नंबर फिरविते. प्रत्येक आकड्याचे दोन-दोन स्वर ऐकून छोटा संगणक सूर थांबवितो आणि फोन ‘उचलतो’. मग ड्रीमकास्ट कंपनीच्या जुन्या सर्व्हरचे नाव विचारते, आणि त्याला हौशी मंडळींच्या नव्या सर्व्हरचा पत्ता सांगितला जातो. घरातल्या जुन्या यंत्राला बाहेर काही बदलले आहे ह्याची जाणीवही होत नाही.

येथे मला अभिप्रेत असलेला मुद्दा येतो. ह्या लोकांनी जुने यंत्र नुसते पुसून कपाटात ठेवले नाही. त्यांनी नाहीशा झालेल्या कामगाराचे काम शिकून घेतले: एक्स्चेंजमधील ऑपरेटरचे, तार जोडणाऱ्या वायरमनचे, सर्व्हर सांभाळणाऱ्याचे. यंत्र टिकते ते लोखंडामुळे थोडे आणि काम जाणणाऱ्या हातांमुळे अधिक. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. साचे भंगारात गेले आणि साचा ऐकून त्याचे दुखणे ओळखणारे कान गावोगाव पांगले. ते साचे पुन्हा उभे केले तरी ते कान आता कोठून आणावयाचे?

आणखी एक प्रसंग मला आमच्या धरण्यांची आठवण करून देतो. मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्स यंत्राची ऑनलाइन सेवा नोव्हेंबर २००२ मध्ये सुरू झाली व १५ एप्रिल २०१० रोजी बंद झाली. नव्याने कोणाला प्रवेश मिळेना. परंतु जे ‘हेलो २’ खेळात आधीच जोडलेले होते त्यांपैकी काहींनी यंत्र बंदच केले नाही. दिवसरात्र यंत्र चालू ठेवून ते आत बसून राहिले. एकेकाची जोडणी तुटत गेली, तरी शेवटचा माणूस मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत टिकून होता. धरणे धरून सेवा परत आली नाही. पुढे २०२२ साली हौशी लोकांनी त्याच यंत्रासाठी ‘इन्सिग्निया’ ही पर्यायी सेवा उभी केली, तेव्हा दार पुन्हा उघडले. धरण्याने दुःख जगापुढे येते. दार उघडावयास मात्र काम शिकावे लागते.

कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. सर्व्हर चालविण्यास पैसा लागतो, खेळणारे घटले की तोटा होतो, आणि खेळावर कायद्याने निर्मात्याचा हक्क असतो. हे खरे आहे. तोट्यातील सेवा जन्मभर चालवा, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. परंतु जाताना किल्ली बरोबर नेऊन दाराला आतून कडी घालणे ह्याचे समर्थन तोट्याने होत नाही. युबिसॉफ्ट कंपनीने २०१४ साली विकलेला ‘द क्रू’ हा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी बंद केला आणि विकत घेतलेली प्रत निरुपयोगी झाली. त्यातून युरोपात एक मोहीम उभी राहिली. जुलै २०२५ मध्ये तिच्या अर्जावरील सह्यांनी दहा लाखांचा टप्पा ओलांडला. मागणी साधी होती: सेवा बंद करा, पण खेळ चालेल अशा स्थितीत सोडून जा. अमेरिकेत २०१८ साली ग्रंथालये व संग्रहालये यांना बंद पडलेले ऑनलाइन खेळ जतन करण्याची मर्यादित सवलत मिळाली. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केले. पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु यंत्राचा जो अर्धा भाग कंपनीच्या सर्व्हरमध्ये असतो तो कोणत्या स्क्रू-ड्रायव्हरने उघडावयाचा, हा प्रश्न त्याने सुटलेला नाही.

हौशी लोकांतही एक दोष आहे, तो झाकून उपयोग नाही. काही मंडळी आपण तयार केलेला सर्व्हरचा प्रोग्रॅम खुला करीत नाहीत. त्यांची कारणे प्रामाणिक असतील. पण तो चालविणारा माणूस थकला की पुन्हा तीच टाळेबंदी. ज्यांनी आपले काम लिहून सर्वांसाठी ठेवले, त्यांचेच काम माणूस बदलला तरी चालू राहते.

आता आपल्या शहराकडे वळतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यात एके काळी रसायनांचे आणि इंजिनिअरिंगचे कारखाने गजबजलेले होते. आज ऐरोली, रबाळे, महापे येथे मोठमोठी डेटा सेंटरे उभी आहेत. लोकांच्या यंत्रांचे दुसरे अर्धे भाग आता आपल्या शेजारच्या इमारतींत राहतात. आज खेळणे बंद पडले म्हणून आपण हसू. उद्या सर्व्हरवर अवलंबून असलेले घराचे कुलूप, गाडी किंवा रुग्णाचे उपकरण ह्याच रीतीने बंद झाले तर हसू येणार नाही. म्हणून वस्तू विकत घेताना एक प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घेऊ: तुमचा सर्व्हर गेला तर माझी वस्तू चालेल काय? दुकानदाराला उत्तर देता येणार नाही. पण शंभर गिऱ्हाइकांनी विचारले की प्रश्न वरपर्यंत पोचतो. संघटना ह्याच रीतीने वाढते.

आणि ह्या सभागृहात जे निवृत्त फिटर, वायरमन, ऑपरेटर बसले आहेत त्यांना माझी विनंती आहे. आपले यंत्र कसे चालत होते, कोठे अडत होते, ते दोन वह्यांत लिहून ठेवा. ड्रीमकास्टच्या हौशी मंडळींना जे वर्षानुवर्षे ताडावे लागले, ते तुम्हाला आजही तोंडपाठ आहे.