वाणाची वही



आमच्या रावेतच्या सोसायटीत संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाची नुसती धांदल असते. यंदा डिसेंबरातच ग्रुपवर ठरलं की सण पर्यावरणाला धरून करायचा. एका नव्या सुनेने मला लिफ्टमध्ये विचारलं, "काकू, तुमच्या पिढीला हे जरा जडच जाणार ना?" मी हसले आणि घरी येऊन माळ्यावरची वही काढली.

मी बी.कॉम. झालेली, हिशोब लिहिल्याशिवाय मला झोप लागत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीपासून, म्हणजे १९८६ पासून, मी काय लुटलं, केवढ्याला आणलं आणि मला कुणाकडून काय आलं, ते सगळं त्या वहीत आहे.

संक्रांत काही आपल्या शास्त्रातला सण नाही. पण पिढ्यानपिढ्या महाराष्ट्रात राहिलेल्या जैन घरांनी तो आपल्या नियमांत बसवून घेतला. आमच्या बार्शीच्या घरी सुगडात ऊस, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या, तीळ असायचे. गाजर नाही, कारण ते कंदमूळ. बोर आधी फोडायचं, आत अळी नाही ना बघायचं, मगच तोंडात टाकायचं. हे नियम मला माहेरीही होते. कोड्यात टाकलं ते आजेसासूबाईंच्या हलव्याने. त्या हलव्याला खांडसरी साखरच घ्यायच्या. मग तो कितीही निगुतीने, मंद शेगडीवर बोटं भाजून घेत केला तरी पांढराशुभ्र व्हायचा नाही, पिवळट दिसायचा. माझ्या पहिल्या संक्रांतीचे हलव्याचे दागिने तसेच पिवळट होते. फोटोत आजही दिसतात. तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं.

कारण विचारलं तर म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंनी सांगितलंय, पांढरी साखर हाडातून येते."

मला ती खुळी समजूत वाटली. खरं काय ते पुष्कळ वर्षांनी वाचनात आलं. १९०० च्या आगेमागे आपल्याकडे जर्मनी-ऑस्ट्रियाची बीटाची साखर इतकी स्वस्त येत होती की १८९९ मध्ये सरकारला तिच्यावर जादा जकात बसवावी लागली. ती साखर स्वस्त होती, कारण तिकडची सरकारं कारखानदारांना निर्यातीवर पैसे देत. आणि तिकडे साखर स्वच्छ करताना ती जनावरांच्या हाडांच्या कोळशातून गाळायची पद्धत खरोखरच होती. १९०५ ला बंगालची फाळणी झाली, स्वदेशीची चळवळ पेटली, पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली. कापडाबरोबर परदेशी साखरही बहिष्कारात आली, आणि तिथे हाडांची गोष्ट घराघरांत पोचली. जैन घरांत तर ती पोचणारच.

पुढे १९३२ मध्ये देशी साखरेला संरक्षण देणारा कायदा झाला आणि कारखाने भराभर निघाले. त्यात आपल्या सोलापूरच्या जैन घराण्यातले वालचंद हिराचंद यांचा वालचंदनगरचा कारखानाही होता. १९५० मध्ये प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला. आपल्याकडचे कारखाने साखर पांढरी करायला बहुतेक चुना आणि गंधकाचा धूर वापरतात, हाडं नाहीत. म्हणजे नियमाचं कारण केव्हाच संपलं होतं, आजेसासूबाईंपर्यंत ते कुणी पोचवलं नाही एवढंच. पण सणाची वस्तू कशी तयार झाली हे विचारून मगच ती घरात घ्यायची, ही रीत आमच्या घरात ग्रुपवरच्या चर्चेच्या शंभर वर्षं आधीपासून होती.

ती रीत मोडली कुणी, तर मीच. वहीच सांगते.

१९८६ ला बार्शीत आम्ही लुटलं ते हळकुंड, सुपारी आणि ओंजळभर तीळ. दोन महिन्यांत सगळं वापरून संपलं, मागे काही उरलं नाही. पुढे आम्ही यांच्या नोकरीमुळे पिंपरीला आलो आणि वाणात स्टीलच्या वाट्या आल्या. त्या अजून वापरात आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. १९९३ पासून मात्र एकेक नोंद बघावी: साबणदाणी, चहाची गाळणी, कंगवा, झाकणाचा डबा, टिकल्यांची डबी. सगळं प्लास्टिक. बडोद्याची सरकारी पेट्रोकेमिकल्स कंपनी निघाली १९६९ ला, नव्वदच्या सुमारास आपल्या रायगडात नागोठण्यालाही कारखाना आला. प्लास्टिक स्वस्त झालं आणि डझनाच्या भावात बाजारात लागलं. तीस बायकांना बोलवायचं तर परवडणारं तेच होतं. मी तीस गाळण्या लुटल्या आणि वर्षभरात मला सात आल्या. कॉमर्सच्या भाषेत सांगायचं तर खर्च होऊन संपणारा माल गेला आणि अखेरचा साठा वाढत गेला.

कायद्याने यात फारसा फरक पडला नाही. २३ मार्च २०१८ ला महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली, पिशव्या आणि थर्माकोलची ताटं गेली. १ जुलै २०२२ ला देशभर एकदाच वापरायच्या वस्तूंवर बंदी आली, तेव्हा मिठाईच्या खोक्यावरची झिल्लीसुद्धा यादीत होती. वाणातली डबी कुठल्याच यादीत नाही. तिच्यावर बंदी आणायची तर आपणच आणायची.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. २०१६ च्या संक्रांतीला मी नातवासाठी पतंग आणि चरखी आणली. दुकानदार म्हणाला, "काकू, हा दोरा तुटतच नाही." मला ते कौतुकाचं वाटलं. पूर्वीच्या सुती मांज्यालाही काच असायची, तोही कापायचाच, पण पावसापाण्यात कुजून जायचा. हा नायलॉनचा. चार दिवसांनी बंधाऱ्याकडे जाताना एका झाडावर पवनेकाठची ढोकरी उलटी लटकलेली दिसली, पंखात दोरा. अग्निशमन दलाच्या मुलांनी शिडी लावून तिला सोडवलं. पंख तुटायला आला होता. दुसऱ्या दिवशी ती गेली. दोरा आमचाच होता की शेजारच्या कुणाचा, ते कळायला मार्ग नव्हता आणि मी शोधायलाही गेले नाही. पाणी गाळून पिणारी मी, आणि चरखी विकत आणताना काहीच विचारलं नाही. त्या वर्षी क्षमावाणीला हात जोडले तेव्हा डोळ्यांसमोर ती ढोकरीच होती.

पुढच्या वर्षी, ११ जुलै २०१७ ला, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने नायलॉनच्या मांज्यावर देशभर बंदी घातली. तरीही २०१८ मध्ये पुण्यात आणि आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये दुचाकीवरच्या बायकांचे गळे चिरून जीव गेले. आजही जानेवारीत आमच्या गच्चीवर तो दोरा सापडतो.

वाण बदलायचे माझे पहिले प्रयत्न फसले, तेही सांगते. २०१९ ला तुळशीची रोपं दिली, निम्मी उन्हाळ्यापर्यंत वाळली. मग कापडी पिशव्या दिल्या. आता प्रत्येकीकडे कापडी पिशव्यांचाच ढीग आहे. गेली तीन वर्षं मी पुन्हा जुन्यावर आले आहे: पाव किलो तीळ, गुळाची छोटी ढेप, हळकुंडं, आणि सगळं चिंचवडगावातून आणलेल्या सुगडात. माझ्या श्वेतांबर मैत्रिणी फाल्गुनी चौमासीनंतर तीळ खात नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडे ते त्याआधीच संपतात. रिकामी सुगडं मी परत मागते. काही जणी हसतात, पण आणून देतात. गॅलरीत चिमण्यांच्या पाण्याला ती बरी पडतात.

नातू आता मोठा झाला. गेल्या संक्रांतीला त्याने साध्या सुती दोऱ्यावर पतंग चढवला आणि पाचव्या मिनिटाला कुणीतरी तो काटला. तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही. मी तिळगूळ दिला, तो घेतला, पण गप्पच.

लिफ्टमधल्या त्या सुनेला मी वही वाचायला दिली आहे. परत करताना तिने एकच विचारलं, "काकू, त्या गाळण्यांचं काय केलंत?" चार अजून माळ्यावर आहेत.