आंबेडकर, भीमराव रामजी : चलनविषयक संशोधन

डॉ. बाबासाहेब आंबेडकर (१४ एप्रिल १८९१–६ डिसेंबर १९५६) यांनी लंडन विद्यापीठाच्या डी.एस्‌सी. पदवीसाठी केलेला भारतीय चलनाच्या इतिहासाचा आणि धोरणाचा अभ्यास. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी : इट्स ओरिजिन अँड इट्स सोल्यूशन’ या नावाने तो डिसेंबर १९२३ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग अँड सन या संस्थेने प्रसिद्ध केला. चलन काढण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे त्याच्यावर कायद्याचा किती अंकुश असावा, हा या संशोधनाचा गाभा आहे.

आंबेडकरांचे बालपण साताऱ्यात गेले. आई भीमाबाई तिथेच वारल्या. ७ नोव्हेंबर १९०० रोजी ते साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, इंग्रजी पहिलीत दाखल झाले. २०१७ पासून हा दिवस महाराष्ट्रात ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळला जातो. त्या काळचा सातारा जिल्हा बराच मोठा होता. वाळवा, तासगाव, खानापूर हे आज सांगली जिल्ह्यात असलेले तालुके तेव्हा त्यातच मोडत. वडील, सुभेदार रामजी, खटाव तालुक्यात दुष्काळी कामासाठी सुरू केलेल्या तलावावर रोखपाल होते. त्यांना भेटायला निघालेल्या मुलांना मसूर स्थानकावर उतरल्यावर गाडीवानांनी अस्पृश्य म्हणून नाकारले, तो प्रसंग आंबेडकरांनी पुढे स्वतः लिहून ठेवला आहे. रुपयावरील ग्रंथ त्यांनी आईवडिलांना अर्पण केला.

ग्रंथाची वाट सरळ नव्हती. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, पण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये परतले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवून साठवलेले पैसे आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत यांवर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. ऑक्टोबर १९२२ मध्ये सादर केलेला प्रबंध परीक्षकांना अडचणीचा वाटला. फेरफार करून तो पुन्हा द्यावा लागला आणि १९२३ मध्ये पदवी मिळाली. मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी ग्रंथाला प्रस्तावना लिहिली. शिष्याशी असलेले मतभेद त्यांनी तीत झाकले नाहीत, आणि मांडणीतला ताजेपणा मान्य करायलाही ते कचरले नाहीत.

रुपयावर लिहिणारे बहुतेक जण १८९३ पासून सुरुवात करत. आंबेडकर त्याच्या बरेच मागे गेले. मोगल सत्ता ढासळल्यावर ठिकठिकाणच्या टांकसाळींतून निरनिराळ्या वजनाचे आणि कसाचे रुपये पडू लागले. मिरजेतही एके काळी टांकसाळ होती. सराफाने नाणे पारखायचे आणि बट्टा कापायचा, हा व्यवहाराचाच भाग होता. १८३५ च्या कायद्याने १८० ग्रेन वजनाचा, १६५ ग्रेन शुद्ध चांदीचा एकच रुपया ब्रिटिश हिंदुस्थानात आला आणि सोन्याचे कायदेशीर चलन म्हणून असलेले स्थान गेले. कोणीही चांदी टांकसाळीत न्यावी आणि रुपये पाडून आणावेत, अशी मोकळीक होती.

१८७० नंतर जर्मनीसारखे देश सोन्याकडे वळले आणि चांदी उतरली. दोन शिलिंगांच्या आसपास असलेला रुपया १८९२-९३ मध्ये सव्वा शिलिंगावर आला. सरकारला कर्जाचे व्याज आणि निवृत्तिवेतने लंडनमध्ये पौंडांत भरावी लागत. त्यासाठी दर वर्षी अधिक रुपये मोजणे आले. शेवटी हर्शेल समितीच्या शिफारशीवरून २६ जून १८९३ रोजी टांकसाळी लोकांसाठी बंद झाल्या. रुपया दुर्मीळ झाला तसा वधारला आणि एक शिलिंग चार पेन्सवर, म्हणजे सॉव्हरिनला पंधरा रुपये या दरावर, स्थिरावला. १८९८ ला नेमलेल्या फाउलर समितीने सोन्याचे नाणे प्रत्यक्ष चलनात आणायला सांगितले होते. ते झाले नाही. आतल्या व्यवहाराला चांदीचा रुपया आणि कागद, बाहेरच्या देण्याघेण्यासाठी लंडनमधला साठा व कौन्सिल बिले (लंडनमध्ये पौंड घेऊन हिंदुस्थानात रुपये देणारी सरकारी बिले), अशी ‘सुवर्ण विनिमय परिमाण’ पद्धत हळूहळू रूढ झाली.

जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ च्या ‘इंडियन करन्सी अँड फायनान्स’ या पुस्तकात या पद्धतीची तरफदारी केली: तिला सोने थोडे लागते आणि गरजेप्रमाणे चलन वाढवता येते. आंबेडकरांच्या मते दुखणे नेमके याच लवचीकतेत होते. टांकसाळी लोकांना बंद झाल्या, पण सरकारला उघड्याच राहिल्या. रुपयातली चांदी त्याच्या दर्शनी किमतीपेक्षा स्वस्त असल्याने प्रत्येक नव्या नाण्यामागे सरकारला नफा होई, आणि त्या नफ्यातूनच सुवर्ण परिमाण निधी उभा राहिला होता. म्हणजे निधी वाढवायचा तर आणखी रुपये पाडायचे, आणि जितके रुपये पाडावेत तितका रुपयाला आधाराची गरज वाढायची. या पेचावर आंबेडकरांनी ठेवलेले बोट हा ग्रंथातला सर्वांत धारदार भाग आहे. १९२० मध्ये रुपया नव्याने ठरवलेल्या दोन शिलिंगांच्या दरावर टिकवण्यासाठी सरकारने लंडनवरील साडेपाच कोटी पौंडांहून अधिक रकमेची उलटी बिले (रुपये घेऊन लंडनमध्ये पौंड देणारी) विकली आणि तरीही दर सोडून द्यावा लागला. प्रबंध लिहिणाऱ्याला यापेक्षा ताजा पुरावा कुठे मिळणार?

त्यांचा दुसरा मुद्दा आजही तितकाच जिवंत आहे. पौंडाशी दर स्थिर म्हणजे रुपया स्थिर, असे सरकार मानत होते. आंबेडकरांनी विचारले, बाजारात त्या रुपयाला काय मिळते? कोट्यवधी लोकांचा संबंध हुंडणावळीच्या दराशी नसून धान्याच्या भावाशी असतो. रुपया घसरला की निर्यात वाढते म्हणून व्यापारी खूश असत. पण ही बक्षिसी आकाशातून पडत नाही, हे त्यांनी दाखवले: मालाचे भाव आधी चढतात, मजुरी मागून आणि रडतखडत चढते, आणि मधल्या काळातला मालकाचा फायदा मजुराच्या ताटातून जातो. पुढे १९२५ मध्ये रुपया जुन्या दराने सोळा पेन्सचा (एक शिलिंग चार पेन्स) असावा की अठरा, असा वाद पेटला तेव्हा मुंबईचे व्यापारी स्वस्त रुपयाच्या, म्हणजे सोळा पेन्सच्या, बाजूने होते. त्या वादाला राष्ट्रीय मागणीचा रंग चढला होता. आंबेडकर मात्र कोणाच्या खिशातून किती जाणार, याचाच हिशेब मांडत राहिले.

१५ डिसेंबर १९२५ रोजी त्यांनी भारतीय चलनाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. आयोगाला दिलेल्या निवेदनातला उपाय थोडक्यात असा: टांकसाळी लोकांना आहेत तशाच सरकारलाही पूर्ण बंद कराव्यात, सोन्याचे नाणे पाडावे, त्याचा आणि रुपयाचा दर कायद्याने ठरवावा, दोन्ही अमर्याद कायदेशीर चलन असावीत, पण एकाच्या बदल्यात दुसरे देण्याची हमी नसावी. रुपयांची संख्या गोठली की तो आपोआप सांभाळला जाईल, असा भरवसा यामागे होता. १९२६ च्या अहवालात आयोगाने सोन्याचे नाणे नाकारले. सोन्याच्या लगडींवर आधारलेले परिमाण, अठरा पेन्सचा दर आणि रिझर्व्ह बँक या त्याच्या शिफारशी होत्या. पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी दराबाबत भिन्नमतपत्रिका जोडली.

रिझर्व्ह बँक आंबेडकरांच्या ग्रंथावरून स्थापन झाली, हे विधान भाषणांतून सर्रास ऐकू येते. ते सैल आहे. मध्यवर्ती बँकेचा आराखडा केन्स यांनी १९१४ च्या चेंबरलेन आयोगाच्या अहवालाला जोडला होता. १९२१ मध्ये तीन प्रेसिडेन्सी बँका मिळून इंपीरियल बँक झाली. रिझर्व्ह बँकेचे पहिले विधेयक १९२८ मध्ये बारगळले, १९३४ चा कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ ला बँक सुरू झाली. शिवाय आंबेडकरांचा उपाय व्यवस्थापकावर विसंबणारा नव्हताच. शहाण्या व्यवस्थापकाची गरज पडू नये, असे चलन त्यांना हवे होते. आयोगापुढे चलनाची चिकित्सा इतक्या खोलवर नेणाऱ्या मोजक्या भारतीयांत ते होते. एवढे श्रेय पुरेसे मोठे आहे आणि ते पुराव्यावर टिकते.

उपाय काळापुढे टिकला नाही. १९३१ मध्ये ब्रिटननेच सोने सोडले. रिझर्व्ह बँकेच्या मूळ कायद्यात नोटांमागे ४० टक्के सोने व परकीय रोखे ठेवण्याची अट होती; १९५६ मध्ये ती जाऊन किमान राखीव निधीची पद्धत आली आणि १९५७ पासून हा निधी २०० कोटी रुपये, त्यात ११५ कोटींचे सोने, असा ठरला. नोटा किती काढाव्यात यावर सोन्याचा लगाम त्यानंतर नावालाच उरला. २०१६ मध्ये कायद्यात किरकोळ महागाईचे लक्ष्य आले: ४ टक्के, दोन्ही बाजूंना २ टक्क्यांची मोकळीक. रुपया आतल्या खरेदीशक्तीने मोजावा, हा आंबेडकरांचा आग्रह त्यात वेगळ्या वाटेने आलेला दिसतो.

मध्यवर्ती बँकेचे एक अंग या संशोधनाच्या कक्षेबाहेर राहिले: बँकांवरील देखरेख. सातारा-सांगलीकरांना रिझर्व्ह बँकेचा हात अगदी जवळून जाणवला तो तिथेच. १९३६ मध्ये साताऱ्यात निघालेल्या युनायटेड वेस्टर्न बँकेवर सप्टेंबर २००६ मध्ये निर्बंध आले आणि महिनाभरात ती आयडीबीआय बँकेत विलीन झाली. १९१६ ची सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत गेली.

ग्रंथाची दुसरी आवृत्ती १९४७ मध्ये मुंबईच्या थॅकर अँड कंपनीने ‘हिस्टरी ऑफ इंडियन करन्सी अँड बँकिंग’, खंड पहिला, या नावाने काढली. १९२३ नंतरचा इतिहास सांगणारा दुसरा खंड लिहिण्याचा आंबेडकरांचा मानस होता. तो झाला नाही. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या सहाव्या खंडात (१९८९) हा ग्रंथ, आयोगापुढील निवेदन आणि साक्ष एकत्र वाचायला मिळतात.