बहुमत, राजीनामा आणि टिळक

याआधी आम्ही ज्या शहरात राहायचो, तिथल्या एका मंडळाच्या कमिटीवर मी दोन वर्षं होतो. (दुसरं कोणी उभंच राहिलं नव्हतं!) हॉलच्या भाड्यावरून वाद पेटला आणि निवडणुकीआधी एकाने फोन केला, "अरे, तुझ्या ऑफिसातली दहा-बारा कुटुंबं मेंबर करून टाक, मग बघून घेऊ." मी केली. आम्ही जिंकलो. हरलेली मंडळी त्यानंतर गणपतीलासुद्धा फिरकली नाहीत.

तेव्हापासून पुण्यातल्या दोन जुन्या भांडणांबद्दल मिळेल ते वाचतो. दोन्हींत टिळक आहेत.

पहिलं १८९० चं. डेक्कन एज्युकेशन सोसायटीत (स्थापना १८८४) शिकवणारे आजीव सभासदच कारभारही बघत. टिळकांचं म्हणणं, आजीव सभासदाने सगळा वेळ संस्थेलाच द्यावा, बाहेरची कामं आणि मिळकत नको. आगरकर, गोखले यांना हे पटेना. गोखले सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले आणि ठिणगी पडली. आता, 'केसरी'-'मराठा'च्या कामात टिळक स्वतःही होतेच, त्यामुळे मला त्यांची बाजू शंभर टक्के पटत नाही. पण बहुमत आपल्याकडे नाही म्हटल्यावर त्यांनी काय केलं? सगळी कारणं सविस्तर लिहून राजीनामा दिला. संस्था फुटली नाही. फर्ग्युसन कॉलेज चालू राहिलं, टिळकांना 'केसरी' मोकळेपणी चालवता आला.

दुसरं १८९५ चं, त्याच सार्वजनिक सभेतलं. तिथे रानड्यांचा शब्द चाले. त्या वर्षीच्या निवडणुकीत टिळकांच्या गटाने व्यवस्थापक मंडळात बहुमत मिळवलं. निवडणूकच ती, नियमाबाहेर काही नाही. पण पुढे गोखल्यांनी चिटणीसपद सोडलं, आणि १८९६ मध्ये रानडे-गोखल्यांनी वेगळी डेक्कन सभा काढली. एकाच गावात दोन सभा! नव्या मंडळींनी दुष्काळात खेड्यापाड्यांत जाऊन शेतकऱ्यांना त्यांचे हक्क समजावले, हे मोठंच काम. ते जुन्यांच्या हातून झालं असतं का, शंकाच आहे. मात्र १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली, तेव्हा जुने जाणते लोक सभेत उरले नव्हते.

माझी दहा-बारा कुटुंबंही नियमात बसत होती. त्यांतल्या बहुतेकांनी पुढच्या वर्षी वर्गणी भरलीच नाही.

हरलेल्यांपैकी एका काकांना मागच्या महिन्यात फोन केला. तासभर बोललो. हॉलचा विषय दोघांनीही काढला नाही.