पहिल्या पिकाची टोपली

माझ्या लहानपणी अकोल्यातल्या ख्रिस्ती घरांत ‘छप्पनचा काळ’ हे शब्द वरचेवर कानी पडत. संवत 1956, म्हणजे 1899-1900 चा दुष्काळ. पाऊस रुसला, ज्वारी गेली, कापूस गेला आणि पोरकी झालेली मुलं अलायन्स मिशनच्या आश्रयाला आली. मुलगे अकोल्याला, मुली खामगावला. माझे पणजोबा त्यांतलेच. जठारपेठेत आज आमचं पक्कं घर आहे, पण या घराण्याचा पहिला घास परक्याच्या हातचा आहे.

याच दुष्काळासाठी 1900 साली न्यूयॉर्कहून ‘क्विटो’ नावाचं जहाज सुमारे 2 लाख बुशेल मका घेऊन मुंबईला आलं. ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या साप्ताहिकाच्या वाचकांनी वर्गणी काढून तो मका धाडला होता. हिंदुस्थान त्यांनी कधी पाहिलाही नव्हता.

चर्चचा खजिनदार झाल्यापासून बायबलातला दानाचा भाग मी पुन्हा पुन्हा वाचतो. पौलाने दानावर सविस्तर लिहिलं ते करिंथच्या मंडळीला पाठवलेल्या दुसऱ्या पत्रात, आठव्या-नवव्या अध्यायांत. तीही यरुशलेमच्या गरिबांसाठी काढलेली वर्गणीच होती. मासेदोनियाच्या मंडळ्या स्वतः हलाखीत होत्या, तरी आम्हालाही देऊ द्या म्हणून त्या मागे लागल्या. पौल हुकूम सोडत नाही. कुरकुरत दिलेलं त्याला नको आहे. आणि पैसा न्यायला तो एकटा जात नाही, मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत घेतो. आम्हीही दानाची थैली दोघांनी मिळून मोजतो आणि वहीवर दोघं सह्या करतो. आपल्या वऱ्हाडच्या गाडगेबाबांनी मोठमोठ्या धर्मशाळा बांधल्या आणि स्वतः खापरातच भाकरी खाल्ली. लोकांच्या पैशाला हात लावणाऱ्याचं मन असं असावं.

पण माझा सर्वांत आवडता उतारा जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायातला. पहिल्या पिकाची टोपली याजकाच्या हाती देताना शेतकऱ्याने गप्प राहायचं नाही. आमचा पूर्वज भटका होता, मिसर देशात आम्ही गुलामी सोसली, तिथून देवाने सोडवलं, हे सगळं मोठ्याने सांगायचं. आपण कोण होतो ते आठवलं, की देताना मान ताठ राहत नाही.

आमच्या हंगामाच्या सणाला ही टोपली प्रत्यक्ष दिसते. वेदीपुढे ज्वारीची कणसं, तूर, कापसाची बोंडं, भोपळे, अंडी, पाय बांधलेला कोंबडा. उपासनेनंतर लिलाव होतो. एखादी पपई पाचशेला सुटते, घेणारा ती तिथेच परत करतो आणि तीच पपई पुन्हा बोलीला चढते. पोरंही खाऊचे पैसे एकत्र करून बोली लावतात. हे मला फार आवडतं. मात्र नंतर मोठ्या रकमा नावांसकट वाचल्या जात, ते सलत असे. उजव्या हाताचं देणं डाव्याला कळू नये, ही येशूची शिकवण त्याच चर्चमध्ये सांगायची आणि वर यादी वाचायची? एका म्हातारबुवांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “माह्यं नाव वाचू नोका, बाप्पा.” त्या वर्षी चर्चच्या पंचांनी यादी बंद केली.

अलीकडे दशांशाचा सौदा करणारी प्रवचनंही ऐकू येतात: दहा द्या, शंभर मिळवा. मला ती साफ नामंजूर आहेत. नियमशास्त्रात दर तिसऱ्या वर्षाचा दशांश आपल्याच गावात साठवायचा होता, तोही लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून.

आमच्या जिल्ह्यात कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्यांची घरं आहेत. त्यांच्या मुलांच्या शाळेच्या खर्चासाठी, ती कुठल्या धर्माची हे न विचारता, यंदाच्या लिलावाचे पैसे बाजूला काढावेत, असा अर्ज मी पंचांकडे दिला आहे.