‘किती वॅटचा?’ या प्रश्नाचा इतिहास

१/ डिसेंबर १९२०. नागपुरात काँग्रेसचे ३५ वे अधिवेशन भरले होते. अध्यक्ष चक्रवर्ती विजयराघवाचार्य; नुसत्या प्रतिनिधींचीच संख्या १४ हजारांवर. असहकाराच्या ठरावावर येथे शिक्कामोर्तब झाले. एवढ्या समुदायापुढे वक्त्याची भिस्त होती ती स्वतःच्या छातीच्या भात्यावर. आवाज ‘मोठा करणे’ हे अजून यंत्राचे काम झाले नव्हते.

२/ दूर अमेरिकेत मात्र ते झाले होते. १९ सप्टेंबर १९१९ रोजी सॅन दिएगो येथे राष्ट्राध्यक्ष विल्सन सुमारे ५० हजार श्रोत्यांपुढे लाउडस्पीकरवरून बोलले. आपल्याकडे काँग्रेसच्या सभांतून ही यंत्रे रुळवण्याचे श्रेय पुढे ‘शिकागो रेडिओ’च्या नानिक मोटवाने यांच्याकडे जाते.

३/ सभेतला आवाज घरात आला तो रेडिओतून. आज परिचित असलेला कागदी शंकूचा स्पीकर १९२५ मध्ये राईस आणि केलॉग यांनी मांडला. तो चालवण्याजोगा ॲम्प्लिफायरही त्यांनी स्वतःच बनवला. शक्ती सुमारे १ वॅट! ही दोन भावंडे एकत्रच वाढली, हे ध्यानात ठेवावे.

४/ १६ जुलै १९४८ रोजी नागपूरचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले. तेव्हाच्या व्हॉल्व्हच्या रेडिओत साधारण ३-४ वॅटच असत, तरी बातम्या ओसरीपर्यंत ऐकू येत. व्हॉल्व्हला काही हजार ओहमचा भार लागे, स्पीकर जेमतेम ३ ओहमचा. दोहोंची सांगड पेटीतला ट्रान्सफॉर्मर घाली. जुळणी कारखान्यातच होई; ग्राहकाला तिचा पत्ताही नसे.

५/ मग घर विभक्त झाले. स्टिरिओच्या काळात स्पीकर एकाचा, ॲम्प्लिफायर दुसऱ्याचा, अशी खरेदी होऊ लागली. १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर यांनी लहानशा बंद पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला. पण त्याची किंमत होती कार्यक्षमता. तेवढ्याच आवाजासाठी अधिक वॅट लागू लागले. ट्रान्झिस्टरने ते स्वस्तात पुरवले आणि जाहिरातींना एक आकडा मिळाला.

६/ आकडा मिळाला की तो फुगतो. अमेरिकेत १९७४ मध्ये सरकारी नियम करावा लागला: शक्ती सांगायची तर किती ओहमवर, किती विरूपणासह आणि सलग किती, हेही सांगा. आपल्याकडे १९९० च्या दशकातील ‘पीएमपीओ’ आठवा. त्या शब्दाला कोणतेही प्रमाण नव्हते.

७/ इतिहासाचा विद्यार्थी येथे काय करील? दुसरा पुरावा शोधील. यंत्राच्या पाठीवर विजेच्या वापराची पट्टी असते. समोर १००० वॅट आणि पाठीवर ३० वॅट लिहिले असेल, तर खरी बखर पाठीवर आहे. विजेच्या तारेतून जेवढे आत येते, त्याहून अधिक सलग बाहेर पडू शकत नाही.

८/ म्हणून निवड स्पीकरपासून सुरू करावी. १ वॅटला १ मीटरवर तो किती डेसिबल देतो, हे प्रथम पाहावे. ३ डेसिबल वाढवायला शक्ती दुप्पट लागते. ९० डेसिबलच्या स्पीकरला जे काम २० वॅटमध्ये साधते, त्याला ८४ डेसिबलचा स्पीकर ८० वॅट मागेल. ‘किती वॅट’चे उत्तर स्पीकरच देतो.

९/ दुसरी कसोटी ओहमची. तेवढ्याच व्होल्टेजला ४ ओहमचा स्पीकर ८ ओहमच्या स्पीकरहून दुप्पट विद्युतप्रवाह खेचतो. तो पुरवण्याची ऐपत नसलेला ॲम्प्लिफायर तापतो किंवा मध्येच बंद पडतो. ८ ओहमवर ५० वॅट देणारे यंत्र ४ ओहमवर १०० च्या जवळ जात असेल, तर त्याचा वीजपुरवठा भक्कम समजावा.

१०/ तिसरी कसोटी आपल्या गावाची. मे महिन्यात ४५ अंशांच्या नागपुरात यंत्राभोवती हवा खेळायला जागा हवी. बंद कपाट नको. कुलरच्या घरघरीवर मात करण्यासाठी आवाज चढवत नेणे म्हणजे वॅटची उधळपट्टी. स्लॅब आणि फरशीची उघडी खोली आवाज परतवते. तेथे जाड पडदा आणि सतरंजी अधिक महागड्या यंत्राहून उपयोगी पडू शकतात.

११/ इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर म्हणजे आवाज आणि स्रोत निवडणारा भाग व शक्ती देणारा भाग एकाच पेटीत. पण स्पीकरशी त्याची जुळणी आता कारखाना करून देत नाही. ती आपल्यावर आली आहे. पहिल्या कमाईतून सीताबर्डीवर खरेदीला जाणाऱ्याने एवढे स्मरावे: संदर्भावाचून उद्धृत केलेला आकडा इतिहासात पुरावा ठरत नाही, आणि दुकानातही ठरू नये.