सर्पगंधा : मनोविकारांच्या संशोधनाला वळण देणारे मूळ आणि वर्ध्यातील लागवड

सर्पगंधा ही झुडूपवर्गीय बहुवर्षीय वनस्पती. औषधी घटक म्हणजे अल्कलॉइड्स मुख्यतः मुळात असतात आणि त्यांचा बहुतांश वाटा मुळाच्या सालीत असतो. पिकाचा भाव या सालीवर ठरतो.

बिहारमध्ये या मुळीला 'पागल की दवा' म्हणत. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर मुळीच्या चूर्णाचा उपयोग नोंदवला. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील निष्कर्ष 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापले, तेव्हा जगाचे लक्ष इकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी मुळीतून रेसरपिन वेगळे केले. १९५४ मध्ये अमेरिकेत नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांवर वापरल्याचे निष्कर्ष मांडले. वकील आणि क्लाइन दोघांनाही १९५७ चा लास्कर पुरस्कार मिळाला.

पुढचा भाग अधिक महत्त्वाचा. रेसरपिन घेणारे काही रुग्ण खिन्न होऊ लागले. मेंदूतील सेरोटोनिनसारख्या रसायनांचा साठा या औषधाने घटतो, असे प्रयोगांत दिसले. मनःस्थितीचा या रसायनांशी संबंध असावा हा विचार त्यातून बळावला आणि नैराश्यावरील औषधांच्या संशोधनाला दिशा मिळाली. मनोविकारांच्या उपचारात मात्र इतर औषधांनी रेसरपिनची जागा घेतली. म्हणून 'वेडावरचे औषध, मोठी मागणी' असे सांगून रोपे विकणाऱ्यांपासून सावध राहा. आजचे गिऱ्हाईक प्रामुख्याने आयुर्वेदिक औषधनिर्माते आहेत. मुळी घरी उगाळून कोणालाही देऊ नये. रक्तदाब धोकादायकरीत्या उतरू शकतो, खिन्नता वाढू शकते.

वर्धा जिल्ह्यात जमिनीची निवड हाच कळीचा मुद्दा. हिंगणघाट, समुद्रपूरकडील भारी काळ्या जमिनीत पाणी साचून मुळे कुजतात, आणि खणताना साल चिकणमातीत तुटून राहते. आर्वी, आष्टी, कारंजा भागातील हलकी ते मध्यम, निचऱ्याची, थोडी सावली असलेली जमीन बरी.

बियाण्याची उगवण कमी व अनियमित असते. ताजे बी घ्यावे, पाण्यात टाकून तरंगणारे काढून टाकावे. एप्रिल-मे महिन्यांत गादीवाफ्यावर रोपे करून जुलैमध्ये ४५ × ३० सें.मी. अंतरावर लावावीत.

काढणीस किमान १८ महिने लागतात. कपाशी-सोयाबीनच्या हंगामी पैशाची सवय असलेल्या घराला ही वाट जड जाते. पहिल्या वर्षी चार-पाच गुंठ्यांपलीकडे जाऊ नये, आणि रोपे लावण्यापूर्वीच खरेदीदाराशी लेखी बोलणी करावी. लागवडीबाबत सेलसुरा येथील कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा.

जंगलातून मुळ्या उपटल्याने ही वनस्पती दुर्मीळ झाली आहे. तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचे नियंत्रण आहे. आपला माल शेतातला आहे हे दाखवता यावे म्हणून ई-पीक पाहणीत नोंद करावी आणि रोपांची पावती जपून ठेवावी.

हिवाळ्यात पाने गळल्यावर आदल्या दिवशी हलके पाणी देऊन मुळे खोल खणावीत. माती धुताना घासू नये, साल निघते. ओलावा ८ ते १० टक्क्यांवर येईपर्यंत सुकवून माल कोरड्या जागी ठेवावा. बुरशी लागलेली मुळी खरेदीदार परत करतो.